राज्यकर निरीक्षकाचं पहिलं वर्ष: मराठवाड्यात रुजू होणाऱ्यांसाठी

लोकसेवा आयोगाच्या यादीत नाव लागलं की गावात फ्लेक्स लागतो आणि पाव्हणे विचारतात, "आता धाडी टाकणार का?" धाडी या नोकरीत आहेत, पण पहिल्या वर्षी फारशा वाट्याला येत नाहीत. रोजचं काम तारीख आणि कागद या दोन गोष्टींचं असतं. कर बुडाल्याचं स्पष्ट दिसत असतानाही मागणी अपिलात पडते. मुदत चुकलेली असते, सुनावणी दिलेली नसते, किंवा नोटीस पोचल्याचा पुरावा नस्तीत (कार्यालयीन फाइलीत) नसतो. म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर मुदतीचा आकडा मुद्दाम दिला आहे. तो वहीत उतरवून घ्या.

रुजू होण्याचा दिवस

नियुक्ती आदेश, शैक्षणिक मूळ प्रमाणपत्रं, जात वैधता आणि लागू असल्यास नॉन-क्रीमिलेयर, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र (२००५ च्या नियमांतला नमुना अ) एका फाइलमध्ये ठेवा. प्रत्येकाच्या तीन साक्षांकित प्रती सोबत असू द्या. रुजू अहवाल दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. दुपारनंतर पोचलात तर "मध्यान्होत्तर" असं लिहावं लागतं. एवढ्यानेही ज्येष्ठतेचा आणि पगाराचा हिशेब हलतो.

पहिला पगार बहुतेकांचा लांबतो. पगाराच्या सेवार्थ प्रणालीत तुमचा क्रमांक तयार व्हावा लागतो, निवृत्तिवेतन खात्याचा प्राण क्रमांक यावा लागतो, आणि आस्थापना शाखेत ते काम करणारा माणूस बहुधा एकच असतो. घरभाडं आणि मेस यांची दोन-तीन महिन्यांची सोय करूनच या. पद एस-१४ या स्तरातलं आहे, ३८,६०० ते १,२२,८०० रुपये. वर महागाई भत्ता आणि शहराच्या वर्गवारीप्रमाणे घरभाडे भत्ता. निवृत्तिवेतन योजनेत तुमचे १० टक्के कापले जातात, शासन १४ टक्के घालतं. व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापला जाईल. तो कर आपल्याच विभागाचा आहे, त्यामुळे तक्रार करायला दुसरं दार नाही.

सेवापुस्तकाचं पहिलं पान उघडून जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग आणि नामनिर्देशन स्वतः तपासा. दुय्यम प्रत मागून घ्या. तिथली चूक पहिल्या वर्षी एका अर्जाने दुरुस्त होते. निवृत्तीच्या तोंडावर तिच्यासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागतात.

परिवीक्षेत विभागीय परीक्षा विहित संधींत उत्तीर्ण व्हावी लागते. संगणक अर्हता लागते. दहावीला विषय नसतील तर मराठी-हिंदी भाषा परीक्षा द्यावी लागते, असतील तर सूट मागण्याचा अर्ज स्वतःहून करावा लागतो. ती सूट आपोआप मिळते असं समजून बसलेल्यांची वेतनवाढ अडकते.

कार्यालयाची रचना

खालून वर असा क्रम आहे: कर सहायक, राज्यकर निरीक्षक, राज्यकर अधिकारी, सहायक आयुक्त, उपायुक्त, सहआयुक्त, अपर आयुक्त. सर्वांत वर आयुक्त, माझगावच्या मुख्यालयात. १ जुलै २०१७ च्या आधी हाच विक्रीकर विभाग होता. मोंढ्यातले (धान्यबाजारातले) जुने व्यापारी आजही तुम्हाला "सेल्सटॅक्सचे साहेब"च म्हणतील. जुने कायदे संपलेले नाहीत. पेट्रोल, डिझेल आणि पिण्याचं मद्य अजून व्हॅटखाली आहे, व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याखाली चालतो, आणि व्हॅटच्या थकबाकीच्या नस्त्या कपाटात आहेतच. अभ्यासात फक्त जीएसटी केलेल्यांची इथे दमछाक होते.

कोणत्याही करदात्याची नस्ती हाती आली की आधी तो आपला आहे की केंद्राचा ते पाहा. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांपैकी ९० टक्के राज्याकडे आणि १० टक्के केंद्राकडे आहेत. त्यावरचे निम्मे-निम्मे वाटलेले आहेत. एकाच विषयावर केंद्राच्या अधिकाऱ्याने आधी कारवाई सुरू केली असेल तर जीएसटी कायद्याच्या कलम ६ प्रमाणे आपण तीच पुन्हा सुरू करू शकत नाही. चार दिवस खपून केलेलं काम पहिल्याच उत्तरात "यावर आमची केंद्राकडे चौकशी चालू आहे" एवढ्या एका वाक्याने संपतं.

दुसरं, कोणत्या कागदावर तुमची सही चालते आणि कोणत्यावर राज्यकर अधिकाऱ्याची लागते, हे अधिकार प्रदान करणाऱ्या आदेशात लिहिलेलं असतं. त्या आदेशाची छापील प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवा. अधिकार नसताना सही केलेला कागद पुढे सुधारता येत नाही.

आठवडा पाच दिवसांचा आहे (२९ फेब्रुवारी २०२० पासून), वेळ पावणेदहा ते सव्वासहा. किरकोळ रजा वर्षाला ८. मार्चमध्ये यातलं काहीही गृहीत धरू नका.

नोंदणीची स्थळपाहणी

नव्या निरीक्षकाच्या हाती पडणारं पहिलं खरं काम बहुधा हेच. कमी जोखमीचे अर्ज हल्ली यंत्रणाच तीन कामाच्या दिवसांत निकाली काढते. उरलेल्या अर्जांवर सात कामाच्या दिवसांत निर्णय लागतो. आधार पडताळणी झाली नसेल किंवा यंत्रणेने अर्ज जोखमीचा ठरवला असेल तर मुदत ३० दिवस, आणि त्यात जागेची पाहणी. पाहणीचा अहवाल आरईजी-३० या नमुन्यात, फोटोंसह, ती मुदत संपण्याच्या किमान पाच कामाचे दिवस आधी पोर्टलवर चढायला हवा. मुदतीत काहीच कारवाई झाली नाही तर नोंदणी मंजूर झाली असं धरलं जातं. बोगस बिलं फाडणाऱ्यांना ही तरतूद तुमच्याइतकीच पाठ असते. दिवाळीच्या आठवड्यात अर्ज वाढतात ते उगीच नाही.

निघण्यापूर्वी अर्जातला पत्ता नकाशावर पाहून ठेवा. खेड्यात घर क्रमांकाऐवजी गट नंबर असतो, आणि एकाच गटात सहा पोटहिस्से. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा खरा आधार. वीजबिलावरचा पत्ता बहुधा "मु. पो." पुरताच असतो.

जागेवर हे करा:

१. बाहेरून एक फोटो, त्यात फलक आणि शेजारचं दुकान दोन्ही यावीत. आतून दोन फोटो. स्थान आणि वेळ छापणारं ॲप वापरा, आणि लोकेशन चालू आहे ना ते निघण्याआधी पाहा.
२. अर्जदार स्वतः भेटला का? त्याला धंद्याविषयी तीन साधे प्रश्न विचारा: माल कुठून घेणार, कुठे ठेवणार, कोणाला विकणार. ज्याच्या नावावर कागद फिरवले आहेत त्या मजुराला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येत नाही.
३. भाड्याची जागा असेल तर मालकाशी फोनवर नव्हे, समोर बोला. आपल्या नावाचं वीजबिल कोणी वापरलं हे मालकालाच माहीत नसल्याची प्रकरणं भरपूर आहेत.
४. शेजारच्या दोघांना विचारा आणि त्यांचं म्हणणं अहवालात लिहा.

दहा बाय दहाच्या गाळ्यात लोखंडी भंगाराचा घाऊक व्यापार दाखवला असेल तर तो गाळा अहवालात जसा आहे तसा मोजून लिहा. "संशयास्पद वाटते" असा शेरा कामाचा नाही. "गाळा १०० चौरस फूट, वजनकाटा नाही, ट्रक वळायला जागा नाही" हा शेरा टिकतो. याच्या उलटही चूक होते: घरातून चालणारा शिलाई जॉबवर्कचा किंवा ऑनलाइन विक्रीचा धंदा खरा असतो, आणि पाटी नाही म्हणून नवा निरीक्षक नकारात्मक अहवाल देऊन मोकळा होतो. यादीबाहेरचे कागद मागू नका. मालकीच्या जागेला घरपट्टी पावती, वीजबिल यांपैकी एक पुरतं. भाड्याच्या जागेला करारनामा आणि मालकाचा एक कागद. शंका असेल तर आरईजी-०३ मध्ये नेमका प्रश्न लिहून द्या. उत्तराला सात कामाचे दिवस असतात. "समाधानकारक कागदपत्रे सादर करा" असं लिहिलं तर अर्जदार पुन्हा तेच कागद चढवतो आणि आठवडा वाया जातो.

विवरणपत्रं

महिन्याचा ठोका असा: ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), १४ तारखेला खरेदीदाराचं २बी (त्याच्या खरेदीवरच्या कराचा तक्ता) तयार होतं, २० ला ३बी (गोषवारा आणि कराचा भरणा). पाच कोटींपर्यंतचे तिमाही योजनेतले करदाते १३ ला पहिलं आणि महाराष्ट्रासाठी २२ ला दुसरं भरतात. उशिराला दिवसाला ५० रुपये, शून्य विवरणपत्राला २०. थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज.

न भरणाऱ्यांची यादी दर महिन्याला येते आणि ती निरीक्षकांत वाटली जाते. नोटीस ३ए, पंधरा दिवसांची. तरी भरलं नाही तर कलम ६२ खाली उपलब्ध माहितीवरून कर ठरवला जातो. तो आदेश मिळाल्यावर ६० दिवसांत विवरणपत्र भरलं की आदेश रद्द होतो. त्यामुळे "लाखाची मागणी आली" म्हणून घाबरून आलेल्या किराणा दुकानदाराला आधी हे सांगा. निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. सलग सहा महिने न भरल्यास नोंदणी रद्द करण्याची नोटीस आरईजी-१७. रद्द झाल्यावर ती पुन्हा चालू करून घ्यायला ९० दिवस मिळतात.

नोटीस बजावण्याच्या मुद्द्यावर इथे थोडं थांबायला हवं, कारण मागण्या सर्वांत जास्त इथेच कोसळतात. पोर्टलवर चढवणं हा कायद्याने मान्य मार्ग आहे, पण उत्तर न आल्यास त्यावर विसंबू नका. लहान व्यापारी स्वतः लॉगिन करत नाही. त्याचा पासवर्ड कर सल्लागाराकडे असतो, आणि फी थकली की सल्लागार फोन उचलत नाही. एकतर्फी आदेश उच्च न्यायालयात जाऊन "सुनावणीची संधी द्या" म्हणून परत येतो. पोर्टल, ईमेल आणि स्पीड पोस्ट असे तिन्ही मार्ग वापरा. पोस्टाचा माग काढलेला कागद त्याच दिवशी छापून नस्तीला लावा, काही काळाने तो संकेतस्थळावर दिसत नाही. प्रतिकूल आदेश होणार असेल तर मागितली नसली तरी सुनावणी द्यायची असते. तहकुबी जास्तीत जास्त तीन.

छाननी: आपल्या भागाचा धंदा समजून घ्या

कलम ६१ ची छाननी म्हणजे विवरणपत्रातली विसंगती शोधून एएसएमटी-१० ही नोटीस पाठवणं. ३बी आणि २बी यांच्यातला फरक यंत्रणा काढून देते, ते काम आता कोणीही करतं. निरीक्षकाची किंमत दिसते ती माल आणि आकडे यांचा मेळ घालण्यात.

कापूस घ्या. सेलू, मानवत, परभणी, माजलगाव पट्ट्यातल्या जिनिंगची छाननी करताना एवढं ध्यानात ठेवा: साधारण पाच क्विंटल कापसातून १७० किलोची एक गठाण आणि तीन क्विंटलच्या वर सरकी निघते. रुईचा उतारा ३४ टक्क्यांच्या आसपास असतो, घट एक-दोन टक्के. दहा हजार गठाणी विकल्या असतील तर खरेदीत सुमारे पन्नास हजार क्विंटल कापूस दिसायला हवा. कमी दिसला तर बिनपावतीची खरेदी आहे. जास्त दिसला तर गठाणी कुठेतरी बिनबिलाच्या गेल्या, किंवा खरेदीच कागदी आहे. सरकी विसरू नका. गठाणीचं बिल नीट करून सरकी रोखीत विकण्याची चाल जुनी आहे.

कर कोणी भरायचा यातही नवे चुकतात. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा ५ टक्के कर जिनिंगवाल्याने भरायचा, उलट आकारणीने (१५ नोव्हेंबर २०१७ पासून). तो ३बीच्या ३.१(ड) तक्त्यात रोखीने भरलेला दिसला पाहिजे, आणि खरेदीदाराने स्वतः बनवलेलं बिल सोबत हवं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते बिल माल मिळाल्यापासून ३० दिवसांत बनवावं लागतं. शेतकऱ्याला स्वतःच्या पिकासाठी नोंदणीच लागत नाही. पण खेडा खरेदी करणारा फिरता व्यापारी शेतकरी नव्हे. त्याच्याकडून आलेला माल सातबाराच्या झेरॉक्स लावून शेतकऱ्याच्या नावावर दाखवलेला असतो. एकाच शेतकऱ्याच्या नावावर दोन एकरांत दोनशे क्विंटल कापूस पिकला असेल तर तिथून सुरुवात करा.

जालन्यात लोखंड. भट्टीत एक टन पोलाद वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट वीज लागते, म्हणून वीजबिल हा चांगला इशारा आहे. इशाराच, पुरावा नव्हे. नुसत्या युनिटांवर उभी केलेली मागणी अपिलात टिकत नाही. वजनकाट्याच्या पावत्या, कच्चा माल, ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचा कागद), बँक यांची जोड हवी. खरी गळती असते भंगारात. माल न येता बिल येतं, त्यावरचं क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) वापरलं जातं, आणि बिल फाडणारा सहा महिन्यांत गायब होतो. ई-वे बिलावरचा वाहन क्रमांक परिवहन खात्याच्या नोंदीत तपासा. पंचवीस टन भंगार दुचाकीवरून आल्याचं तिथे दिसतं. टोलच्या फास्टॅग नोंदी पाहा. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या धातूच्या भंगारावर खरेदीदारानेच कर भरायचा आहे, आणि नोंदणीकृत विक्रेत्याला पैसे देताना अडीच लाखांवरच्या करारात २ टक्के कपात करायची आहे. ही कपात बऱ्याच ठिकाणी अजून राहते.

लातूर, उदगीरकडे डाळ आणि सोयाबीन. तुरीपासून ७० ते ७५ टक्के डाळ, बाकी चुणी आणि टरफल. सोयाबीनपासून साधारण १८ टक्के तेल आणि ८० टक्क्यांच्या आसपास पेंड. डाळीत गुंतागुंत पाकिटाची आहे: २५ किलोपर्यंतच्या, आधी भरलेल्या आणि लेबल लावलेल्या पाकिटावर ५ टक्के, त्यावरच्या पोत्याला किंवा सुट्या डाळीला नाही. १८ जुलै २०२२ पासून हे लागू झालं आणि लगेच तीस किलोची पोती बाजारात आली. ती बेकायदा नाहीत, त्यामुळे पोतं पाहून नोटीस काढू नका.

लातुरात आणखी एक मोठा धंदा आहे, शिकवण्यांचा. खासगी शिकवणीवर १८ टक्के कर आहे, आणि सेवेसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख. बॅचमधली मुलं आणि फी यांचा गुणाकार कागदावर मांडला की विवरणपत्रातला आकडा किती खरा ते कळतं. मुलांच्या वसतिगृहांना मात्र माणशी महिन्याला २०,००० रुपयांपर्यंत, आणि सलग ९० दिवस राहणं असेल तर, करमाफी आहे. शिकवणी आणि वसतिगृह एकाच संस्थेचं असेल तर फी कोणत्या नावाखाली जास्त दाखवली ते पाहा.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यात जॉबवर्कसाठी बाहेर पाठवलेल्या मालाच्या चलनांवर लक्ष ठेवा. कच्चा माल एक वर्षात आणि भांडवली यंत्र तीन वर्षांत परत आलं नाही तर ती विक्री धरली जाते. वसमतच्या हळदीत ओली आणि वाळलेली यांत फरक आहे: ओलीला कर नाही, वाळलेलीला ५ टक्के.

उत्तर एएसएमटी-११ मध्ये ३० दिवसांत येतं. पटलं तर एएसएमटी-१२ देऊन नस्ती बंद करा, उगाच लांबवू नका. न पटल्यास मागणीची नोटीस. २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांना कलम ७३ (फसवणूक नसेल तर) आणि ७४ (फसवणूक असेल तर), त्यानंतरच्यांना ७४अ. ७३ खाली वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून तीन वर्षांत आदेश व्हायला हवा आणि नोटीस त्याच्या तीन महिने आधी. ७४ खाली पाच वर्षं आणि सहा महिने. ७४अ खाली नोटीस ४२ महिन्यांत, आदेश त्यानंतर १२ महिन्यांत. आपल्या टेबलावरच्या प्रत्येक नस्तीच्या मुखपृष्ठावर ही शेवटची तारीख लाल शाईने लिहा. पोर्टल आठवण करून देतं, पण अखेरच्या आठवड्यात ते उघडतच नाही.

रस्त्यावर

फिरत्या पथकात नेमणूक झाली की हंगाम ओळखून चालावं लागतं: ऑक्टोबरात सोयाबीन, दिवाळीनंतर कापूस, जानेवारीपासून तूर, मार्च ते मे हळद. नांदेडमधून देगलूरमार्गे तेलंगण आणि उमरग्यावरून कर्नाटक जवळ, म्हणून त्या रस्त्यांवर मोठ्या गाड्या. बैलगाडी किंवा ट्रॅक्टरमधून स्वतःचा माल मोंढ्यात नेणाऱ्या शेतकऱ्याला थांबवू नका. त्याच्याकडून वसूल करायचं काही नसतं, आणि पाच मिनिटांत गर्दी जमते.

ई-वे बिल आंतरराज्य मालाला ५०,००० रुपयांवर लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावर. वैधता दर २०० किलोमीटरला एक दिवस. मुदत संपण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आठ तासांत ती वाढवता येते, त्यामुळे मध्यरात्री संपलेल्या बिलावर पहाटे पाच वाजता गाडी ताब्यात घेण्याआधी हे आठ तास मोजा.

क्रम चुकवायचा नाही: चालकाचा जबाब एमओव्ही-०१, तपासणीचा आदेश एमओव्ही-०२, तपासणीनंतरचा अहवाल एमओव्ही-०४, अटकाव करायचा तर एमओव्ही-०६, दंडाची नोटीस ०७, आदेश ०९. तपासणी आदेशापासून तीन कामाच्या दिवसांत पूर्ण करायची, आणि पोर्टलवरच्या अहवालाचा पहिला भाग २४ तासांत. अटकाव केल्यापासून सात दिवसांत नोटीस, नोटीस बजावल्यापासून सात दिवसांत आदेश. मालक पुढे आला तर दंड कराच्या २०० टक्के.

एवढा मोठा दंड असल्याने किरकोळ चूक आणि चोरी यांत फरक करणं हेच या कामातलं कौशल्य आहे. नावाचं स्पेलिंग, पिनकोड, वाहन क्रमांकातला एखाद-दुसरा अंक किंवा अक्षर, एवढीच चूक असेल तर केंद्राचे ५०० आणि राज्याचे ५०० असा हजाराचा दंड घेऊन गाडी सोडायची असते. जबाब चालकाला कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवा आणि तसं लिहा. मराठी न कळणाऱ्या चालकाची मराठी जबाबावर सही घेतली की पुढे वकिलाला तेवढंच पुरतं.

झडती

सहआयुक्तांपेक्षा कमी दर्जाचा अधिकारी झडतीची परवानगी देऊ शकत नाही. आत शिरताना आयएनएस-०१ हे झडतीचं अधिकारपत्र दाखवून त्यावर सही घ्या. पंच दोन, त्याच परिसरातले, व्यापाऱ्याचे नोकर नकोत. घराची झडती असेल तर पथकात महिला अधिकारी हवीच. जप्तीचा आदेश आयएनएस-०२. कागद आणि पेन ड्राइव्ह यांची यादी पानागणिक क्रमांक घालून करा. "हिशेबाच्या वह्या, एकूण ७" अशी नोंद केली तर सहा महिन्यांनी आठवी वही कुठे गेली हे सिद्ध करत बसाल. पाण्याच्या बाटल्या आणि डबा बरोबर न्या. व्यापाऱ्याचा चहासुद्धा त्या दिवशी घेऊ नये. वसुलीचा चेक किंवा डीआरसी-०३ (स्वखुशीने कर भरण्याचा नमुना) तिथेच लिहून घेण्याचा मोह वरिष्ठांनाही होतो. तो पैसा नंतर "जबरदस्तीने भरून घेतला" म्हणून परत मागितला जातो.

वसुली

आदेश बजावल्यापासून तीन महिने वाट पाहायची, कारण अपिलाची मुदतही तितकीच आहे. वादातल्या कराच्या १० टक्के भरून अपील दाखल झालं की उरलेली वसुली थांबते. म्हणून बँकेला डीआरसी-१३ (खात्यातून वसुलीची नोटीस) पाठवण्याआधी अपिलाची नोंद तपासा. हे न पाहता खातं गोठवलं आणि कामगारांचा पगार अडकला, की दुसऱ्या दिवशी आमदारांचा फोन येतो आणि त्या वेळी चूक आपली असते. रोख रक्कम कधीही हातात घेऊ नका, पावती देऊनही नाही. चलन करदात्याने पोर्टलवर बनवायचं, १०,००० पर्यंत बँकेच्या काउंटरवरही भरता येतं.

वागणूक

व्यापारी "शेठ" असो की टपरीवाला, अहो-जाहो करा. १९७९ चे वर्तणूक नियम एकदा पूर्ण वाचा: मत्ता आणि दायित्वाचं विवरण पहिल्या नियुक्तीला आणि पुढे ठरल्या वेळी द्यावं लागतं, जमीन किंवा गाडी घेतली की कळवावं लागतं. दिवाळीचा मिठाईचा डबा दारातूनच परत करा, कारण डब्यात मिठाईच आहे का हे उघडून पाहण्याची वेळ येऊ नये. लाचेच्या सापळ्यात नवे अडकतात ते बऱ्याचदा मध्यस्थामुळे. "साहेबांसाठी" म्हणून तुमच्या नावावर पैसे घेणारा माणूस कार्यालयाच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर असतो. त्याच्यासोबत चहा प्यायलात तरी लोक तुम्हाला त्याच्याशी जोडतात. असं कोणी करतंय हे कळलं तर वरिष्ठांना लेखी कळवा. लाचलुचपत विभागाचा १०६४ हा क्रमांक तक्रारदारांइतकाच तुमच्यासाठीही आहे.

करदात्याची माहिती उघड करायला कलम १५८ ने मनाई आहे. मित्राने व्हॉट्सॲपवर "या पार्टीचं रिटर्न बघून सांग ना" म्हटलं तर उत्तर नाही, आणि लॉगिन कोणालाही द्यायचं नाही, अगदी शेजारच्या टेबलावरच्या कर सहायकालाही. यंत्रणेत प्रत्येक क्लिक तुमच्या नावावर नोंदला जातो.

बदली साधारण तीन वर्षांनी होते. कार्यमुक्त होताना नस्त्यांची यादी चार रकान्यांत करा: करदात्याचं नाव, टप्पा, पुढची तारीख, मुदतीची शेवटची तारीख. जप्त केलेले कागद आणि उपकरणं स्वतंत्र यादीत मोजून द्या. प्रत्येक पानावर घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. मुदत उलटून गेलेल्या नस्तीची चौकशी लागते तेव्हा पत्र तुमच्या नव्या कार्यालयाच्या पत्त्यावर येतं, आणि उत्तराला सात दिवस असतात.